एकाच तळ्यातले दोन पाय

महादेव माझ्या जावेला पावला आणि मला पावला नाही, ही गोष्ट मी कितीतरी दिवस उराशी धरून बसले होते. आम्ही दोघी एकाच घरात राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या, एकाच तळ्यात उतरणाऱ्या. उलट उपास माझेच जास्त. सोमवार मी कधी चुकवला नाही. कांता मात्र सोमवारी दुपारीच ‘ध्यानातच नाई राह्यलं बाई’ म्हणून भात खाऊन मोकळी व्हायची. तरी पाय बरा झाला तिचा. देवाच्या दारातही वशिला चालतो की काय, असं मनात यायचं आणि दिवा लावताना माझा हात आखडायचा.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात मूल-सावलीकडचं, तळ्यांच्या मुलखातलं. पुरुष मासे धरतात, आणि दिवाळीच्या सुमाराला आम्ही बाया शिंगाडे तोडायला पाण्यात उतरतो. शिंगाड्याला काटे असतात. वेलाच्या घोळात पाय अडकला की नडगीलाही टोचतात, आणि गाळाच्या पाण्यात तो घाव चिघळला की लवकर सुकत नाही. त्यामुळे आमच्याकडे बाईच्या पायाला जखम दिसली की कुणी काही विचारतच नाही. शिंगाड्याचा काटा लागला, एवढं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. माझ्या उजव्या नडगीवर जखम झाली तेव्हा मीही तेच म्हटलं. खरं तर जखम व्हायच्या आधीपासून तिथं जांभळट रंगाची एक गाठ होती, पण तिच्याकडे लक्ष कोण देतो? त्याच हंगामात कांताच्याही पायाला लागलं.

मग दोघींचं सगळं बरोबरीनं सुरू झालं. हळद, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, सरकारी दवाखान्यातलं मलम, गोळ्या, पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरू नका. आम्ही उतरत होतो, न उतरून कसं चालणार? कांताचा पाय ठणकायचा, ती रडायची. माझी जखम मोठी होती, कडा उचललेल्या, पण ती फारशी दुखत नव्हती. आधी मीच बरी होणार म्हणून मला आतून बरंच वाटायचं. पण दुसऱ्या दिवाळीनंतर कांताची जखम सुकत आली आणि पौषात तिथं नुसता डाग उरला. तिनं नदीकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला होता, पाय बरा झाला तर शिवरात्रीला चालत येईन आणि चांदीचा पाय वाहीन.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कांता ओट्यावर पाय पसरून बसायची आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिचा डाग पाहून हात जोडायची. मी लुगडं घोट्यापर्यंत ओढून आत निघून जायची. तिचं हसणं मला सहन होत नव्हतं. तिनं पाटा घेऊन मिरची वाटायला बसावं, तर मला वाटायचं, मला दाखवायलाच मांडी घालून बसली आहे. जळणं म्हणतात ते अगदी खरं आहे, छातीत आग होते.

शिवरात्रीला घरची सगळी मार्कंड्याला निघाली. कांता चालत गेली. मी एस्टीनं गेले. जायचं नव्हतं, पण घरी राहिले असते तर माझं जळणं लोकांना कळलं असतं. कांतानं पाय वाहिला, नदीत अंघोळ केली, जत्रेत बांगड्या भरल्या आणि मुलांना घेऊन पाळण्याकडे गेली. बांगडीवालीसमोर मी एकटी उरले. चंद्रपूरची म्हातारी मुसलमान बाई, सगळ्या तिला चाची म्हणत होत्या. तिनं माझा हात धरला, बोटं दाबून मऊ केली आणि विचारलं, जत्रेत येऊन तोंड असं काऊन? परक्या बाईच्या हातात हात असला की मनातलं बाहेर पडतंच. मी सगळं ओकले. एकच तळं, एकच काटा, एकच मलम, एकच देव, अन् तिचा पाय बरा, माझा नाही.

चाचीनं बांगडी मनगटापर्यंत आणून थांबवली. “एकच पानी, एकच दवा, अन् तिले गुन आला, तुले नाई,” ती म्हणाली. “मंग बाई, तुले काटा लागलाच नसंन. तुहं दुखनं दुसरंच कायतरी हाय. देवावर रुसू नको, डाक्टरले हेच सांग.”

तिला औषधातलं काही कळत नव्हतं, तसं ती बोललीही. पण माझ्याच तक्रारीतून तिनं हे काढून दाखवलं. पौषापासून ते वाक्य मी मनात घोळवत होते, पण जळण्यापलीकडे त्यातून मला काही सुचलं नव्हतं. बांगड्या भरल्यावर बांगडीवालीच्या पाया पडतात, तशी मी पडले.

आता डॉक्टरला पटवायचं तर कांताचा पाय सोबत हवा होता, आणि तो मागायचा मला. दोन दिवस मी ते टाळत राहिले. शेवटी विहिरीवर मी तिला म्हटलं, माझ्यासोबत गडचिरोलीला चल. ती घागर खाली ठेवत म्हणाली, “मी कवाची म्हनून राह्यली, बाई, तुमचा पाय नीट दिसत नाई. पन तुमी मले पाहूच देत नोहता.”

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी दोघींचे पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मी चाचीचं वाक्य सांगितलं, आधीच्या गाठीचंही सांगितलं. मग त्यांनी जखमेच्या कडेचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. तिथून कळलं की ही काट्याची जखम नव्हतीच. कातडीतला कॅन्सर होता, लिम्फोमा म्हणतात त्याला. पुढं नागपूरला इंजेक्शनं झाली, मशीनचा शेक झाला, केस गेले. उशीर झाला होता, पण फार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. घरी माझी मुलं कांतानं सांभाळली. जखम भरली. अजून तपासणीला जावं लागतं.

पुढच्या शिवरात्रीला मी पुन्हा मार्कंड्याला गेले. चाचीला शोधलं. तिनं मला ओळखलं नाही. एवढ्या हातांतून माझा हात तिच्या लक्षात कसा राहावा? मी सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मी असं बोलली होती का? आणि एक बांगडी वरची भरली.

देवळाच्या पायरीवर कांतानं पदराची गाठ सोडली. आत चांदीचा पाय होता, उजवा. मी विचारलं, हा कुणाचा?

“तुमचा,” ती म्हणाली. “नवस दोघींचा बोलली होती मी. दोन्ही पाय संगच घडवले होते. माह्याच पायाचं झालं, मंग तुमाले कोन्या तोंडानं सांगू? पेटीत ठेवला होता.”

मी तो हातात घेतला. ज्या नवसावर मी एवढी जळले, त्यात मी होतेच. पिंडीसमोर मला काही मागता आलं नाही, रडूच फार आलं. तेव्हापासून मी देवाला असं कर, तसं कर म्हणत नाही. तो कुणाच्या पायानं माझ्याकडे येईल, ते मला कुठं कळतं? कांता अजून सोमवारी भात खाते. आता मीच तिला वाढते.