देवमाशाचे पाय

देवमाशाला एके काळी चार पाय होते, या एका मुद्द्यावर अख्ख्या दहिसरशी भांडण मांडणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. काका गिरणीत विणकर होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. अशा वेळी कुणी पत्ते कुटतं, कुणी देवदेव करतं. काकांनी देवमासा धरला. चाळीखालचा कच्छी दुकानदार साखर बांधता बांधता सहज बोलून गेला, की त्याच्या गावाच्या रानात दगड झालेली हाडं सापडतात आणि कॉलेजातली माणसं येऊन सांगतात, ही फार पुराण्या देवमाशांची आहेत. काका साखर तिथेच विसरून वाचनालयात गेले.

तेव्हापासून घरी येणाऱ्याला चहाच्या आधी देवमासा मिळू लागला. "अरे, जमिनीवर चालायचा तो! मग पाण्यात गेला नि पाय आत घेतले. आजही कापून बघ, मागच्या बाजूला हाड सापडेल!" माझ्या मावसबहिणीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच ऐकवलं आणि वर तो कसा चालत असेल ते ओणवं होऊन दाखवलं. मावशी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थिजली. "ह्या माणसाक कोणीतरी आवरा गो!" लग्न जमलं, ही त्या मुलाची कृपा.

एका सप्टेंबरात गोराईच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला. काका पहिल्या होडीने पलीकडे. राखणीला मावशीने मला पाठवलं. वास असा की कोळीसुद्धा नाकाला रुमाल लावून लांब उभे, आणि काका शेपटीकडच्या बाजूला ठाण मांडून प्रत्येकाला विनवतायत, "जरा इथं कापा ना!" लोक हसत होते. शेवटी एका म्हाताऱ्या कोळ्याला दया आली. "दाखव बाबा, कुठं कापू?" म्हणत तो कोयता घेऊन आला. दोन तास खपल्यावर मांसातून वीतभर वाकडं हाड निघालं, पाठीच्या कण्याला कुठेच न जोडलेलं. हसणारे नाक दाबून जवळ सरकले. काकांनी ते दोन्ही हातांवर घेतलं. "बघितलंस? राहिलंय की नाही?" एवढंच मला म्हणाले आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले. गिरणी गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मावशीने हाड दाराबाहेर ठेवलं आणि काकांना मोरीत. पण दिवाळी झाल्यावर तिनेच दुकानदाराला विचारलं, तुझ्या गावाला जायचं कसं? मुंबई नि कोकण सोडून दुसरीकडे कुठे गेलेली ती दोघं नव्हती. कच्छला जाऊन आली.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या प्रवासातलं मावशी एवढंच सांगते, की रानात काटेरी झुडपांमध्ये मोठाले मणके ओळीने जमिनीतून वर आले होते. "माका वाटला, आता हे संध्याकाळपर्यंत बोलतले. तर ह्यांनी चपला काढल्यानी आणि गप उभे रवले. मगे माझो हात धरल्यानी. लग्नात धरलेलो, त्याच्यानंतर तेव्हाच."