निलमनं दिलेली ग्वाही

तलासरीच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची निलम एम.एस्सी.साठी मुंबईला गेली, तेव्हा ती नेमकं काय शिकते हे घरात कुणालाच उमगलं नव्हतं. तिचा विषय क्वांटम तंत्रज्ञान. प्रकाशाच्या एकेका कणावर निरोप धाडायचा, आणि मधे कुणी तो चोरून वाचला तर लगेच कळलं पाहिजे, यावर तिचा प्रकल्प चालला होता. भात-नाचणी पिकवणारे तिचे वडील झिपरू लोकांना सांगायचे, "आमची पोर विजेचं मोठं शिक्षण घेते." निलमही त्यांना कधी टोकत नसे.

२०१८च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली. धक्के थांबेनात. भिंतींना भेगा पडल्या, लोक थंडीत ताडपत्रीखाली निजू लागले. जानेवारी सरताना निलम घरी आली, तर तिची वाट बघत अख्खा पाडा अंगणात बसलेला.

"तू शास्त्र शिकतेस ना गं?" शेजारच्या ठकीकाकूनं विचारलं. "मंग सांग, अजून मोठा धक्का येल का?"

निलमला भूकंपातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती तसं सांगणारही होती. "काकू, माझा विषय वेगळा आहे..."

"मंग इतकी वर्सं शहरात काय शिकली?" मागून लक्ष्या म्हणाला. तो शाळेत तिच्याच वर्गात होता, आता चिकूच्या वाडीत कामाला जायचा. लोक हसले. झिपरू हसले नाहीत. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

ते निलमला बघवेना. "छोटे धक्के आले की जमिनीतला ताण मोकळा होतो," ती म्हणाली. कुठंतरी ओझरतं वाचलेलं. "आता मोठा येण्याची शक्यता फार कमी. मोजता येतं ते." आवाज तिनं प्रयोगशाळेतल्या सरांसारखा काढला होता. झिपरूंनी मान वर केली. "आयकलं ना?" ते सगळ्यांना म्हणाले. अंधार पडायच्या आत चार घरांनी ताडपत्र्या गुंडाळल्या. त्यात ठकीकाकूचं घरही होतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, आजवरचा सगळ्यात मोठा धक्का बसला. ठकीकाकू चुलीपुढं भाकरी थापत होती. विटांची भिंत तिच्या पायावर कोसळली. लक्ष्या आणि निलमनं हातांनी विटा उपसल्या. जीपमधून डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत काकू कण्हत होती, आणि तिचं डोकं निलमच्या मांडीवर होतं.

मांडीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झाल्यावर निलम खाटेपाशी बसली. "काकू, मला ठाऊक नव्हतं. मी उगाच बोलले."

काकूनं मान तिच्याकडं वळवली. "मंग नाय ठाव, असं बोलायचं ना गं पोरी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निलम बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पाड्यावर परतल्यावर ती दारोदार गेली. "मला यातलं काही कळत नाही. तेव्हा बोलले ते खोटं होतं. बाहेरच निजा." कुणी मान डोलावली, कुणी नुसतं ऐकून घेतलं. बारकी म्हणून एक म्हातारी होती, तिनं निलमच्या तोंडावर दार लावून घेतलं. लक्ष्या हसेल म्हणून निलम त्याच्याकडं शेवटी गेली. तो हसला नाही. ताडपत्रीचं एक टोक तिच्या हातात देऊन म्हणाला, "धर, ताणून." झिपरू त्या दिवशी शेतावरून उशिरा आले आणि तिच्याकडं न बघता जेवले.

त्या उन्हाळ्यात निलम चांगल्या गुणांनी एम.एस्सी. झाली. प्रकल्पाचं कौतुक झालं. झिपरूंना पाड्यावर पेढे वाटायचे होते. तिनं हात जोडून नको म्हटलं.

ठकीकाकू आता काठी टेकत चालते. सुट्टीला आली की निलम तिच्या अंगणावरची सरळ वाट सोडून बांधावरून फिरून घरी जाते. काकूला ती लांबूनही ओळखू येते.

"आली का गं निलम?"

"आले, काकू," निलम म्हणते, आणि खाली बघतच पुढं जाते.