पाचव्या नळाचं गोडं पाणी

कुरखेड्याकडे जायचं असेल तर मार्चमध्ये जा. मीही मार्चमध्येच गेले होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. मात्र मी जंगल बघायला निघाले नव्हते. नागपूरच्या कॉलेजात मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. नळयोजनेच्या कुठल्या पाइपातून किती पाणी वाहतं आणि त्यात विरघळलेलं काही कुठल्या नळाला किती वेळात पोचतं, ते तो सांगायचा. खरं सांगतो की खोटं, हे कॉलेजात बसून कळेना. सर म्हणाले, "एखाद्या गावच्या टाकीत मीठ टाक आणि बघ." गाव मी निवडलं. तिथे टाकीत ब्लीचिंग पावडर पडत असूनही एका वस्तीत दरवर्षी कावीळ निघायची.

इतवारीहून छोट्या रुळांची गाडी पकडली. ती आता उरली नाही, पण तेव्हा ती इतकी सावकाश जायची की पळसाची फुलं मोजता यायची. नागभीडला गाडी बदलली आणि वैनगंगेच्या पुलावर मी अर्धवट झोपेत होते. खाली वाळूत पाण्याच्या चार-पाच बारीक धारा फुटत होत्या, पुढे पुन्हा मिळत होत्या. माझा नकाशाच कुणीतरी वाळूत काढून ठेवलाय असं वाटलं. वडशाला उतरून खानावळीत भात, तुरीचं वरण आणि सुकट खाल्ली. कुरखेड्याच्या एसटीचं तिकीट त्या जेवणाहून स्वस्त होतं. बसच्या टपावर मोहाच्या टोपल्या होत्या. त्या वासाने डोकं हलकं झालं ते गाव येईपर्यंत.

गावात नळाचं काम दामोदरभाऊ बघायचे. पन्नाशीचे, शांत. मिठाचं पोतं बघून म्हणाले, "म्याडम, गावाले खारं पाजून राह्यल्या का?"

"एका सकाळपुरतं, भाऊ. पंचायतीने परवानगी दिलीय."

संध्याकाळी त्यांनीच दवंडी दिली: उद्या सकाळचं पाणी खारट येईल, पिण्याचं आजच भरून ठेवा.

पहाटे आम्ही टाकीवर चढून मीठ विरघळवलं. सहाला दामोदरभाऊंनी व्हॉल्व्ह उघडला. माझ्या हातात मिठाचं प्रमाण दाखवणारं मीटर होतं आणि प्रोग्रॅमने काढलेल्या वेळांचा कागद. मी पाइपाच्या वरून चालायला लागले. खाली पाणी माझ्यापेक्षा हळू चाललं होतं, म्हणून मीही थांबत थांबत चालले. रस्त्यावर कोवळं ऊन, बाया मोह वेचायला निघालेल्या, आणि माझ्या पावलांखाली दोन हात खोल ते मीठ वळणं घेत येतंय. आयुष्यात इतकी हळू मी कधी चालले नाही.

पहिल्या नळावर मीटरचा काटा हलला तो कागदावरच्या मिनिटाला. दुसऱ्यावर तसाच, तिसऱ्यावरही. चौथ्यावर, शाळेजवळ, दोन मिनिटांचा फरक पडला. मी हसतच पाचव्या नळावर गेले.

तो नळ उताराच्या टोकाला, बौद्ध वस्तीत होता. तिथे सुलोचनाबाई पाणी भरायचा गुंड घेऊन बसल्या होत्या. तिथे नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचं पंपाने आलेलं पाणी टाकीच्या पाण्यात मिसळतं, असं नकाशात होतं. म्हणून मीठ अर्धंच, पण नक्की पोचायला हवं होतं. वेळ झाली. काटा जागचा हलला नाही. मी मीटर पुसलं, पुन्हा बुडवलं. आणखी अर्धा तास गेला.

"काय पाहून राह्यली पोरी?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"मीठ. टाकीचं पाणी इथे यायला हवं होतं."

त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. "हे टाकीचं पानी नोहे. हे विहिरीचं आहे. पाच वर्षं झाली, हेच पेतो आमी."

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कोनी पुसलंच नाई. टाकी झाली, नळ आला, फोटो काढला." ओंजळीतलं पाणी सांडून त्या म्हणाल्या, "माही मोठी पोरगी मागच्या साली काविळीनं गेली. पावडर टाकते म्हनत, मंग तिले कशी झाली, हेच समजे नाई."

दामोदरभाऊ मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "मले सांगतलं होतं, शाळेपासून जोड आहे म्हनून," ते म्हणाले आणि फावडं आणायला गेले.

शाळेच्या कोपऱ्यावर त्यांनी आणि वस्तीतल्या चार जणांनी खणलं. कमरेइतक्या खोल गेल्यावर पाइप सापडला. त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली होती. तिथून वस्तीपर्यंतचा पाइप माझ्या नकाशात होता, जमिनीत नव्हता. दामोदरभाऊ खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. "रोज पावडर टाकत होतो मी," एवढंच म्हणाले. मग उठले, उरलेली पावडर बादलीत कालवली आणि थेट विहिरीवर गेले. सुलोचनाबाई त्यांच्याबरोबर गेल्या. दोर त्यांनी धरला.

मी त्या दुपारी सुलोचनाबाईंकडे जेवले. पाणी उकळून द्यायला मी सांगण्याआधीच त्यांनी चूल पेटवली होती.

परतीची गाडी तशीच सावकाश होती, पण मला झोप लागली नाही. नागपुरात सरांनी आकडे पाहिले. "चार नळ सुरेख जुळलेत. पाचवा गाळून टाक, छान शोधनिबंध होईल."

"सर, चुकलेला तोच एक आहे. तोच ठेवते," मी म्हटलं. निबंधात तो ठेवला आणि खड्ड्याच्या फोटोसह जिल्ह्याला अर्जावर अर्ज केले. जोड बसायला पुढचा उन्हाळा उजाडला.

त्या सकाळचं काय उरलं म्हणाल, तर पाइपाच्या वरून चाललेलं ते हळू चालणं, आणि त्या तंद्रीत मी कुणाला काही विचारलं नव्हतं याची बोच. पुढे नोकरीत जिथे जिथे नळयोजना पाहिली, तिथे नकाशा उघडायच्या आधी टोकाच्या घरी जाऊन पाण्याची चव विचारली. आजही माझ्याकडे एक पोस्टकार्ड आहे, सुलोचनाबाईंच्या धाकट्या मुलीने शाळकरी अक्षरात लिहिलेलं: "आई सांगते, यंदा वस्तीत कोनी पिवळं झालं नाई. पान्याले आता पावडरचा वास येते. आवडत नाई, पन पेतो."