गाठोडं उघडेना

पप्पांनी उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून जुना कॉम्प्युटर उचलून आणला आणि मोरिवलीच्या आमच्या विहारातल्या अभ्यासिकेला द्यायचं ठरवलं. वर कमिटीला सांगून मोकळे झाले, "रविवारी वंदनेनंतर चालू करून दाखवतो. आमची पोरगी हेच काम करते." कमिटीतल्या एका काकांनी तोंडावर ऐकवलं, की चालला नाही तर पुन्हा इथे भंगार आणायचं नाही. पप्पांचा शब्द पणाला लागला आणि मी भडकले. मला न विचारता कबूल करून येणं ही त्यांची जुनी खोड आहे.

डिस्क एवढीशी. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स सिस्टीम, धडे, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं तिच्यात मावेना. म्हणून मी ते दाबून एका कॉम्प्रेस्ड फाइलसिस्टीममध्ये बसवलं, म्हणजे घट्ट बांधलेलं गाठोडंच म्हणा. ते उघडायची सोय लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, करावी लागते. एकतर ती कर्नलमध्येच कायमची घालायची, नाहीतर वेगळा तुकडा करून ठेवायचा. लागेल तेव्हा कर्नल तो उचलतो. मी ऑफिसच्या सवयीने तुकडा केला. कर्नल हलका ठेवायची आम्हाला फार हौस.

शनिवारी सकाळी घरीच मशीन लावलं. चार ओळी आल्या आणि कर्नल पॅनिक, सगळं ठप्प. दुपारपर्यंत तीनदा गाठोडं नव्याने बांधलं, तीनदा तेच. पप्पा शेजारी स्टूल टाकून बसले होते. उभा जन्म एमआयडीसीत मशिनी खोलण्यात गेलेला, त्यामुळे त्यांना गप्प बसवेना.

"हे उघडायला जो पार्ट लागतो, तो किधर ठेवलायस?"

"आहे हो आत."

"आत म्हणजे कशात?"

मी गाठोड्यातल्या फायलींची यादी काढून पाहिली. गाठोडं उघडायचा तुकडा त्याच बंद गाठोड्यात होता. ऑफिसात असे तुकडे मशीन सुरू होताना हाताशी असावेत म्हणून बाहेर वेगळे ठेवलेले असतात, इथे मी ते केलंच नव्हतं. आणि म्हणे या कामाचा मी पगार घेते!

"हसू नका, पप्पा."

"मी कुठे हसतोय? पाना टाकीत विसरून झाकण आवळलेले लय लोक बघितलेत मी."

मी ती सोय कर्नलमध्येच घातली आणि कर्नल पुन्हा तयार केला. संध्याकाळी पडद्यावर धड्यांची यादी उघडली. पप्पांनी ती वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली.

रविवारी विहारात मशीन पहिल्या फटक्यात चालू झालं. काकांनी माझी पाठ थोपटली. मी म्हटलं, "बिघाड पप्पांनी शोधला. मला सापडत नव्हता."

कंपनीच्या कागदावर पप्पा शेवटपर्यंत हेल्परच राहिले. बिघाड ते शोधायचे, रिपोर्टवर सही दुसऱ्याची. काकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, तर पप्पा चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले. मला त्यांची इतकी माया आली, की मी मागोमाग गेले नाही.

घरी पप्पा जेवायला बसल्यावर आईला म्हणाले, "आज पोरीने चारचौघांत माझं नाव घेतलं."