महेशला धरून ठेवलेले हात

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यांना पीटीएसडी आहे." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. अपघात होऊन गेला, पण ह्यांच्या मेंदूला तो अजून चालूच आहे असं वाटतं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "गांजा किती ओढता?" मी खाली बघितलं. हे म्हणाले, "झोपेपुरता."

आमचं गाव चाकूरजवळ. हे टेम्पो चालवायचे. लोह्याहून येताना टेम्पो उलटला आणि शेजारी बसलेला माझा धाकटा दीर महेश जागीच गेला. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. त्यानंतर डोळा लागला की हे ओरडत उठायचे. कुणीतरी चिलीम हातात दिली, तेव्हा कुठे झोप लागू लागली. महादेवाचा प्रसाद म्हणून घरात कुणी हटकलंही नाही. पण दिवसाही माणूस गुंगीतच. लेक शाळेतून येऊन बडबडायची, हे भिंतीकडे बघत बसायचे. घरात नवरा होता, म्हणायचं आपलं.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "गांजानं स्वप्नं दाबली जातात. सोडला की काही दिवस ती उसळून येतील. घाबरून परत सुरू करू नका, मला येऊन भेटा."

ऐकायला काय जातंय! गांजा सोडल्यावर एका दुपारी हे झोपले होते, मी शेजारी शेंगा फोडत होते. अचानक उठून ह्यांनी मला मागून दोन्ही खांद्यांना करकचून धरलं. डोळे उघडे, पण ओळख नाही. "बस, महेश. पडू नको रे." लेक दारातच थिजली. त्या दिवसापासून ती बापाजवळ जाईना.

सासूबाई रडत म्हणाल्या, "दे माय त्याला थोडा. सोडल्यापासून लेकरू मरून राहिलं माझं." मलाही वाटलं, द्यावा. पण भिंतीकडे बघणारा नवरा मला परत नको होता. आम्ही नांदेडची एसटी धरली.

तिथं हे पहिल्यांदा बोलले. मला वाटायचं, स्वप्नात अपघात येतो. तसं नव्हतं. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. कंबर मोडलेला महेश बसतच नव्हता. शेवटी हे खड्ड्यात उतरले आणि भस्म, माती पडत असताना त्याला मागून धरून बसले. "हात सोडले तशी मान कलली त्याची, मॅडम," हे म्हणाले. "भाऊ वाकडाच राहिला माझा." महेश गेल्यापासून हे रडले नव्हते. त्या दिवशी रडले, मीही रडले.

आता गांजा सुटलाय. झोप पुष्कळ बरी आहे, दुःख आहे तिथंच आहे. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर सोडल्यावर वाढलेला त्रास बघून हाय खाऊ नका. एकट्यानं झुंजू नका, डॉक्टरांकडे जा.

ते हात मधूनच अजून येतात. मी सोडवून घेत नाही. पाठ ताठ करून बसते आणि म्हणते, "बसलाय तो. नीट बसलाय."

परवा मी शेतातून आले, तर लेक बापापुढे मांडी घालून ताठ बसलेली. ह्यांचे हात तिच्या खांद्यांवर. ती हळू आवाजात म्हणत होती, "काका नीट बसलेत, पप्पा."