घेवर, फीणी आणि जैन मॅडम

आमच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटमधल्या बायका आजही भेटल्या, की बोलणं पेन्शन आणि गुडघेदुखीवरून सुरू होतं आणि फिरूनफिरून त्या काचेच्या टाकीपाशी येतं. किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. साठत जातात. आमचे तर एकाच टाकीत साठले!

ऐंशीच्या दशकात माझ्या नवऱ्याची विम्याच्या ऑफिसातून जयपूरला बदली झाली. आदर्श नगरात घर मिळालं आणि मला मुलींच्या एका कॉलेजात नोकरी. आमच्या हेड होत्या माथुर मॅडम. त्यांचा भाऊ परदेशात संशोधन करायचा. त्यानं तिथल्या लॅबमधून अ‍ॅक्सोलोटलची दोन पिल्लं आणून दिली. अ‍ॅक्सोलोटल म्हणजे सगळा जन्म पाण्यात काढणारा, बेडकाचा लांबचा नातेवाईक. चार पाय, शेपटी आणि मानेशी पिसांसारखे कल्ले. मुलींनी इथल्या मिठायांवरून नावं ठेवली, घेवर आणि फीणी.

*

राजस्थानात पाहुण्याला आग्रह करकरून घास भरवतात. त्याला मनुहार म्हणतात. आता पाहुणे टाकीत राहत होते, म्हणून काय झालं! सकाळी मी गांडुळाचा तुकडा द्यायची, दुपारी प्रॅक्टिकलच्या मुली, संध्याकाळी शिपाई. तोंडासमोर काही हललं, की ही पिल्लं गिळायचीच. थोड्याच दिवसांत घेवर फुगून पोट वर करून तरंगायला लागला.

माथुर मॅडम कडाडल्या, "यहाँ मेज़बान सब हैं, माँ कोई नहीं!"

मग नियम ठरला. लहान आहेत तोवर दिवसातून एकदा, मोठी झाली की दोन-तीन दिवसांआड. पोट डोक्याइतकंच रुंद दिसायला हवं. उरलेलं लगेच बाहेर काढायचं, नाहीतर पाणी नासतं. आणि मुलींनी भरवायचं नाही, ते काम फक्त मॅडमचं, माझं आणि शिपायाचं.

*

पण आम्ही इतक्या धसकलो होतो, की हात फारच आखडला. एका सकाळी पाहतो तर घेवरचा पुढचा पंजाच नाही! उपाशी फीणीनं तोडून खाल्ला होता. मुली रडायला लागल्या.

काही आठवड्यांत तो पंजा बोटांसकट पुन्हा उगवला. प्रिन्सिपल मॅडम खास बघायला आल्या. बराच वेळ टाकीत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेरे दफ़्तर का पंखा कब से टूटा पड़ा है. उसे भी इसी में डाल दो!"

*

दोघं चांगली मोठी झाली आणि मे महिना आला. लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, वाहायला लागली. आम्ही बाटल्यांत बर्फ भरून पाण्यात सोडायचो, तरी दुपारी पाणी कोमट व्हायचंच. फीणीनं खाणं सोडलं. माथुर मॅडम चिमट्यात गांडूळ धरून तिच्यासमोर बसून राहायच्या. "खा ले बेटा, एक कौर."

फीणी गेली.

भावाचा ट्रंककॉल लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दीदी, उसे भूख नहीं थी, गर्मी लग रही थी."

मॅडमनी फोन ठेवला. त्याच दिवशी स्वतःच्या केबिनमधला कूलर उचलून घेवरच्या टाकीपाशी लावायला लावला. त्या उन्हाळाभर त्या घामानं भिजलेल्या पदरानं वारा घेत पेपर तपासत होत्या.

*

आमच्यात जैन मॅडम होत्या. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, जौहरी घरातल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पानी मैं रोज़ बदल दूँगी. पर ज़िंदा कीड़ा मेरे हाथ से मत दिलवाना." आम्ही कधी आग्रह केला नाही. एकदा त्यांनी हौसेनं पनीरचा तुकडा टाकून पाहिला. घेवरनं तो ओढून घेतला आणि थुंकून टाकला.

भाद्रपदात त्यांचं दशलक्षण पर्व, जैनांचं दहा दिवसांचं व्रत, सुरू झालं. मॅडम दिवसातून एकदाच जेवायच्या. नेमक्या तेव्हाच माथुर मॅडम मुलीच्या बाळंतपणाला कोट्याला गेल्या. वडील आजारी म्हणून शिपाई गावी गेला आणि मी तापानं पडले. उन्हाळ्यानं घेवर आधीच खंगलेला, नुकता कुठे खायला लागला होता. अंथरुणातून नवऱ्याला म्हटलं, "जरा कॉलेजात जाऊन याल का? त्याला गांडूळ द्यायचंय."

"मी पॉलिसी देतो, गांडूळ देत नाही!" तो म्हणाला.

बरी होऊन मी धास्तावतच लॅबमध्ये गेले. घेवर टाकीच्या तळाशी स्वस्थ बसला होता. पोट डोक्याइतकं रुंद. बाजूच्या स्टुलावर जैन मॅडम, उपासानं उतरलेल्या. टेबलावर ओला चिमटा.

"मॅडम, तुम्ही?"

त्यांनी टाकीवरची नजर हलवली नाही. "व्रत मेरा है," त्या म्हणाल्या, "इसका नहीं."

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. माथुर मॅडमही परत आल्या होत्या. दर वर्षीसारख्याच जैन मॅडम प्रत्येकीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि वर्षभरातल्या कळत-नकळत चुकांची क्षमा मागितली. मग चपला दाराशी काढून लॅबच्या मागच्या दारानं बाहेर गेल्या. तिथं नळाशेजारी, लिंबाखाली एक ओला खड्डा होता. गांडुळं आम्ही तिथूनच काढायचो.

जैन मॅडम त्या खड्ड्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. बराच वेळ.

तेवढ्यात प्रॅक्टिकलच्या मुली बडबडत जिन्यावरून आल्या. माथुर मॅडम पटकन उठल्या आणि लॅबच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अभी नहीं," त्या म्हणाल्या. "थोड़ा रुको, बेटा."