बंद स्टोव्हची साक्ष

"कुलूप लागला मां?"

कामावर निघताना काका आपल्या खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघायचे आणि मी शेजारी म्हणून मला हे विचारायचे. "लागलं, काका," म्हटलं की नळापर्यंत जायचे आणि परत यायचे. आता स्टोव्ह. "बंद केला मां मी? वासबीस येता काय रे?" असा एक माणूस तुमच्याही चाळीत असेल. त्याच्यावर हसण्यात आपला सगळ्यांचा वेळ बरा जातो. माझाही गेला.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. बायको-मुलं मालवणकडे गावाला आणि काका भांडुपच्या आमच्या चाळीत एकटे. चाळीपासून दहा मिनिटांवरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्यांना सगळ्यात जास्त चिडवायचा तो त्यांच्याच खात्यातला त्यांचा दोस्त. आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायचा. "काका, बायकोपेक्षा त्या स्टोव्हची काळजी जास्त तुम्हाला," म्हणायचा आणि रविवारी जेवायलाही त्यांनाच बोलवायचा.

हा दोस्त एका दुपारी काकांच्या मशीनवर गेला. म्हणजे मेलाच.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. दोस्ताच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, नुकसानभरपाईचा अर्ज मीच टाइप केला. "कामावर असताना आणि कामामुळे" मृत्यू झाला, असं त्यात पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. सगळी लढाई त्या चार शब्दांवर होती. कंपनी म्हणत होती, हा माणूस कामावर नव्हताच. त्याची पहिली पाळी संपली होती, कार्ड पंच झालं होतं, मग दुसऱ्याच्या मशीनला हात लावायला त्याला सांगितलं कुणी? शिवाय काकांची सही असलेला जबाब त्यांच्याकडे होता. "मी पाणी प्यायला गेलो होतो. तो कधी आला ते मला माहीत नाही."

एका रविवारी काका माझ्याकडे आले. दाराची कडी लावली, हलवून बघितली आणि खाली बसले.

"मी पाणी प्यायला नव्हतो गेलो रे. घरी आलो होतो."

"कशाला?"

"स्टोव्ह बघूक."

त्या कारखान्यात एक पद्धत होती. पाळी संपलेला माणूस दुसऱ्याच्या मशीनवर अर्धा तास उभा राहायचा, तोवर मशीनवाला बाहेरचं काम उरकून यायचा. कार्डावर नोंद नाही, गेट पास नाही. फोरमनला विचारायचं, त्याने मान हलवली की झालं. त्या दिवशीही काकांनी विचारलं होतं. फोरमन म्हणाला होता, "लवकर या." आणि दोस्त म्हणाला होता, "जाऊन या एकदा, नाहीतर उद्या दिवसभर माझं डोकं खाल." अपघातानंतर त्याच फोरमनने ऑफिसात बसवून पाण्याचा जबाब लिहून घेतला. काकांनी सही केली.

मी उडालोच. फोरमनला माहीत होतं, म्हणजे दोस्त कामावरच होता! मी काकांना ओढतच वकीलसाहेबांकडे नेलं. साहेब म्हणाले, "हे कोर्टात सांगाल?" काकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

साक्षीला अजून काही दिवस होते. ज्या माणसाचा स्वतःच्या कुलपावर विश्वास नाही त्याच्यावर वहिनींची सगळी केस उभी होती. काका रोज दारात उभे.

"नोकरी जाईल मां?"

"जाईल," मी वैतागून म्हणालो एकदा. आज ते आठवलं की लाज वाटते.

"आणि वहिनी? त्या असतील तिथे?"

"अर्ज त्यांचाच आहे, काका. असणारच."

नोकरीपेक्षा त्यांना कशाची भीती होती ते मला तेव्हा कळलं. वहिनींना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी त्यांच्या हातचं जेवून येत होते आणि सांगत नव्हते.

साक्षीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. कंपनीच्या वकिलाने जुना जबाब त्यांच्या पुढ्यात धरला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"मग पाणी प्यायलाच गेला होतात ना?"

काका वहिनींकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, आता हे हो म्हणणार.

"नाही साहेब. घरी गेलो होतो. फोरमनसाहेबांना विचारून गेलो. माझ्या जागी तो उभा राहिला. आम्ही सगळे असंच करायचो."

"घरी असं काय अडलं होतं?"

"स्टोव्ह चालू राहिला असं वाटलं."

वकील हसला. "मग? चालू होता?"

"नाही," काका म्हणाले. "बंद होता."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

निकाल वहिनींच्या बाजूने लागला, पण त्याच्या आधीच काकांना कामावरून काढलं होतं. वहिनी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. रविवार आला की काका बाजारातून पाव आणून एकटे खायचे. खोलीचं कुलूप मात्र तसंच तीनदा ओढायचे.

मग ते गावाला जायला निघाले. ट्रंक माझ्या हातात, वळकटी त्यांच्या खांद्यावर. त्यांनी कुलूप लावलं, ओढलं, नळापर्यंत गेले आणि सवयीने मागे वळले.

खोलीसमोर वहिनी उभ्या होत्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्याकडे बघून बोलल्या, "भावोजी, तुम्ही निघा. कुलूप मी बघते."

काका क्षणभर थांबले. मग वळले आणि उताराने खाली गेले. मला काही विचारलं नाही.

ते परत आले नाहीत. खोली वर्षभर बंद होती. संध्याकाळी पाणी भरून येताना वहिनी त्या दारापाशी कळशी खाली ठेवायच्या आणि कुलूप ओढून बघायच्या. एकदाच.